आत्याबाईंच्या पायाखालचे पाणी

मर्यादा हे कुलीनतेचे भूषण होय, असे थोरांनी सांगून ठेवले आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु भूषणांनाही प्रमाण असते. गळ्यात फार झाली की मान वर करता येत नाही. प्रिय माणसाला दुःख होऊ नये म्हणून ओठांवर आलेला प्रश्न गिळून टाकावा, ही वृत्ती वरवर पाहता दयेची दिसते. मात्र गिळलेला प्रश्न पोटात स्वस्थ बसत नाही. तो तिथे आपले उत्तर आपणच तयार करतो, आणि ज्याच्याविषयी तो असतो त्या बिचाऱ्याला आपला निकाल लागून गेल्याची वार्ताही नसते. विचारून दुखवावे की न विचारता दोषी ठरवावे, हा पेच एका सज्जन कुटुंबापुढे गाडीतल्या ओल्या कार्पेटपायी उभा राहिला, त्याची ही हकिकत.

कुटुंब तिघांचेच. आत्याबाई शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाचा विमा कंपनीत अधिकारी. डोक्यावरचे केस केव्हाच निरोप घेऊन गेले होते, तरी आत्याबाईंसाठी तो ‘बाळ’च राहिला. आणि त्याची पत्नी, म्हणजे आत्याबाईंची सूनबाई, दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या या बाईला घरात मात्र स्वतःचे तोंड उघडणे जड जाई. त्यात तिचा दोष नव्हता. ती या घराण्याच्या वळणावर गेली होती. या घरात अप्रिय गोष्टीचे नाव घेण्याची रीतच नव्हती. बाळचे वडील पहाटे उठून गात असत आणि अत्यंत बेसूर गात असत. शेजारची बिऱ्हाडे एकामागून एक बदलली, पण घरातल्या कुणी ब्र काढला नाही. ते सद्गृहस्थ आपल्या गाण्याचा अभिमान बाळगूनच सुखाने गेले.

आठवड्यातून एकदा बाळ आपल्या आत्याला गाडीने शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जाई. तिथे तिची जुनी मैत्रीण राहत होती, त्याच शाळेतली इतिहासाची शिक्षिका. तिची दृष्टी मंदावली होती आणि वाचल्यावाचून तर तिला चैन पडत नसे. म्हणून आत्याबाई तिला वाचून दाखवीत. वाचन थोडे, त्यावरचे भांडण फार. एकीला प्रत्येक घटनेत राजे दिसत, दुसरीला नद्या. त्या भांडणासाठी दोघी आठवडाभर जगत असत, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

अलीकडे मात्र आत्याबाईंना काही निराळेच जाणवू लागले होते. निघण्यापूर्वी पूर्ण कपभर चहा मिळायचा, तो आधी अर्धा झाला आणि मग ‘परत आल्यावर निवांत घेऊ या’ यावर आला. गाडीत त्यांच्या जागेवर एक जाडजूड आच्छादन आले. बसले की त्याच्या पोटातून काहीतरी करकरे. “कंबरेला बरं असतं,” असे सूनबाई छताकडे पाहत म्हणाली. पावसाची भुरभुर असली तरी खिडक्या सताड उघड्या. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे बाळ वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर थांबू लागला.

“आत्या, जरा पाय मोकळे करायचेत का?”

“माझे पाय मोकळेच आहेत. तू कशाला थांबलास?”

“नाही, म्हणजे, मी जाऊनच येतो.” तो उतरे, प्रसाधनगृहाकडे जाई, परत येई आणि मोठ्या आशेने आत्याकडे पाही. “तुला?”

“तू आलास ना जाऊन? मग चल आता. ती तिकडे राजे मोजत बसली असेल.”

आत्याबाईंनी या सर्व लक्षणांचा मनोमन मेळ घातला. मुलगा चहा टाळतो, घडीघडी उतरतो, वाऱ्यासाठी कासावीस होतो, चेहरा ओढलेला. त्यांनी निदान केले की बाळला मधुमेह झाला आहे आणि आपल्याला त्रास नको म्हणून तो ते लपवतो आहे. त्यांच्या काळजाचे पाणी झाले. पण त्याही याच घराण्यातल्या. विचारतील कशा? त्यांनी गाजावाजा न करता साखरेचा डबा स्वयंपाकघरातून उचलून आपल्या कपाटात कपड्यांच्या घडीमागे ठेवला आणि स्वहस्ते बाळला बिनसाखरेचा चहा देऊ लागल्या. तोही बिचारा तो काढा हसतमुखाने पिई. आत्या आता साखर घालायलाही विसरते, असे मनात म्हणून तो अधिकच खिन्न होई, हे त्यांना कुठून कळावे?

अशा रीतीने एकमेकांवर माया करीत सगळे एकमेकांची उपासमार करीत असता, एका संध्याकाळी बाळने घसा साफ केला.

“आत्या, मी काय म्हणतो, आता तुझी ही दर आठवड्याची दगदग पुरे. फोनवर वाचून दाखवत जा त्यांना. घरबसल्या. आरामात.”

आत्याबाईंच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. फोनवर भांडता येते, पण समोरच्याची चिडलेली मुद्रा पाहता येत नाही, आणि अर्धी गोडी तर तिथेच असते. शिवाय पलीकडे कान लावून बसलेल्या त्या मैत्रिणीच्या आठवड्यात दुसरे होते तरी काय? पण त्या स्वतःसाठी काही बोलल्या नाहीत. गाडी चालवण्याचीही ताकद पोराला उरली नाही, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. आणि तो इतका भयंकर होता की घराण्याची रीत मोडायला त्या उठल्या.

सूनबाई ओट्यापाशी भांडी पुसत होती.

“सूनबाई, आता आडपडदा नको. साखर किती आहे ते सांग.”

“सापडतच नाहीये हो डबा कित्येक दिवसांपासून.”

“डब्यातली नाही गं! बाळच्या रक्तातली.”

“यांच्या? यांच्या रक्ताला काय झालंय?”

“तू डॉक्टर ना? नवरा दर पंपावर गाडी थांबवून उतरतो आणि तुला पत्ता नाही?”

“अहो आत्याबाई, ते तुमच्यासाठी थांबतात!”

“माझ्यासाठी? मला कशाला पेट्रोल?”

सूनबाईच्या हातातले झाकण निसटले आणि फरशीवर बराच वेळ गोल गोल फिरत राहिले. ते थांबेपर्यंत दोघीही थांबल्या. मग बांध फुटावा तसे सगळे बाहेर आले. आत्याबाई बसतात त्या जागेसमोरचे कार्पेट वारंवार ओले निघत होते. गाडीला कुबट वास येत होता. बाळने गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिले. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी मोकळी होती. रेडिएटरचे पाणी असते तर बोटाला चिकट लागले असते, तेही नव्हते. तेव्हा तो आवाज उतरवून म्हणाला, ‘साहेब, इथं कुणी वयस्कर माणूस बसतं का? मग झालं तर. आमच्या आजीचंही असंच होतं. त्यांना काही बोलू नका हं, वाईट वाटतं.’ त्याने मायेने कार्पेट धुऊन दिले आणि आठवड्याने ते पुन्हा ओले झाले.

“आणि तुम्ही दोघांनी मान्य केलंत.”

“मान्य नाही हो केलं. आम्ही... आम्ही काही बोललोच नाही.”

“म्हणजे माझी तपासणी गॅरेजमध्ये झाली,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि निकाल मला सोडून सगळ्यांना कळला.”

सूनबाईच्या डोळ्यांना धार लागली. आत्याबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले.

मनुष्य धीराचा असला तरी दोन मायेची माणसे एकच गोष्ट मानू लागली की त्याची स्वतःवरची श्रद्धा डळमळते. आपले कपडे कधीही ओले नव्हते, हे आत्याबाईंना ठाऊक होते. ठाऊक होते ना? वय चोरपावलांनी येते, म्हणतात. दृष्टी नेताना ते सांगून नेते, गुडघे नेताना तर ओरडून नेते. पण असेही काही असेल का, जे ते न सांगता घेऊन जाते? फोनवरच वाचावे, मैत्रिणीला काही कारण सांगावे, असा विचारही मनात येऊन गेला. मग त्यांच्यातली शिक्षिका उठली. वर्गात कुणी नुसते ‘मला वाटतं’ म्हटले की त्या त्याला फळ्यापाशी बोलावून सिद्ध करायला लावीत. आज स्वतःलाच बोलावणे भाग होते.

त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि खाली उतरल्या.

गाडी आवारातल्या मोठ्या झाडाखाली नेहमीच्या जागी उभी होती. सावलीसाठी बाळने ती जागा हट्टाने मिळवली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता. टपावर पाने चिकटली होती. आत्याबाईंनी दार उघडले, ते करकरणारे आच्छादन उचलून बाजूला ठेवले आणि बैठकीवर तळहात दाबला. कोरडी. कागदी रुमाल दाबून पाहिला. खडखडीत कोरडी. नाक जवळ नेऊन पाहिले. जुन्या कापडाचा आणि धुळीचा वास, दुसरा कसलाही नाही. मग त्यांनी खाली वाकून कार्पेट दाबले, तर बोटांमधून पाणी वर आले. त्या या गाडीत बसल्याला चार दिवस होऊन गेले होते आणि पाणी मात्र ताजे होते.

आत्याबाई दाराच्या उंबरठ्यासारख्या त्या पट्टीवरच बसल्या आणि एकट्याच हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग वर पाहून त्यांनी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो जुना आवाज लावला.

“बाळ! सूनबाई! खाली या दोघं!”

दोघे धावत आले. पायात वेगवेगळ्या जोडांच्या चपला.

“बाळ, पाणी कुठून कुठे वाहतं?”

“अगं आत्या, हे काय आता भर आवारात...”

“उत्तर दे.”

“वरून खाली.”

“मी बसते ती जागा वर आहे. कार्पेट खाली आहे. वरचं कोरडं आणि खालचं चिंब, हा कोणता चमत्कार ते मला समजावून सांग.”

बाळने बैठकीकडे पाहिले, कार्पेटकडे पाहिले, आत्याकडे पाहण्याचे मात्र त्याला धाडस होईना.

“तू सीटला हात लावून पाहिलंस?”

“मीच पाहिलं. तुमच्यापैकी कुणी पाहिलं होतं?”

कुणी पाहिले नव्हते. बाळने नाही, सूनबाईने नाही, गॅरेजवाल्यानेही नाही.

“कसं पाहणार आत्या?” बाळ पुटपुटला. “तुझी बसायची जागा ती. हात लावून, वास घेऊन पाहायचं म्हणजे... बरं दिसलं नसतं.”

“म्हणून न बघता वर झाकण घातलंत! बरंच दिसलं की मग.” आत्याबाईंनी रागावायचे ठरवले होते, पण त्या दोन खाली गेलेल्या माना आणि त्या विजोड चपला पाहून त्यांना ते जमेना. “पुरे आता. रडायचं राहिलं असेल तर उद्या रडा. सकाळी पाईप लावा नळाला. हे पाणी येतं कुठून ते शोधायचंय.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि आकाश स्वच्छ होते. आत्याबाई आवारात खुर्ची टाकून बसल्या. बाळ पाईप धरून उभा. सूनबाई गाडीच्या आत पाठीवर पडून, डोके डॅशबोर्डखाली, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात दातांमागे पाहायचा तो लांब दांड्याचा चिमुकला आरसा.

“गाडीला सांग, आ कर म्हणावं!” बाळ ओरडला.

“तुम्ही आधी पाणी घाला. पेशंटशी मी बोलते.”

“एकेक जागा घे,” आत्याबाईंनी फर्मावले. “एकदम सगळीकडे ओतलंस तर काय कळणार? आधी दार. मग टप. मग काच.”

दारावर पाणी सोडले, आत कोरडे. टपावर मागच्या अंगाला सोडले, आत कोरडे. पुढच्या काचेवर सोडले. पाणी काचेवरून ओघळून बॉनेटच्या मागच्या काळ्या जाळीत जाऊ लागले. थोडा वेळ काही झाले नाही. मग आतून किंकाळी आली.

“आलं! आलं! कपाळावर पडलं! पंख्यातून येतंय हो, वरच्या पंख्यातून!”

बाळने पाईप टाकला आणि बॉनेट उघडले. जाळी काढायला त्याच्याने होईना, तेव्हा त्याने गॅरेजवाल्याला बोलावले. तो पान्यांची पेटी घेऊन आला, आत्याबाईंना खुर्चीत पाहून थबकला आणि उगीचच नमस्कार करून कामाला लागला. जाळी निघाली तशी खाली लांबट पन्हाळी दिसली आणि ती काठोकाठ भरलेली होती. कुजलेली पाने, फुलांचा लगदा, काड्या, माती. आणि त्या मातीत मूळ धरून डोलणारे एक हिरवेगार रोप. पावसाचे पाणी खाली सोडणारी भोके त्या गाळाखाली गडप झाली होती. तुंबलेले पाणी जवळच्या हवेच्या तोंडातून आत शिरत होते आणि पंख्यावाटे थेट आत्याबाईंच्या पायाशी उतरत होते.

“त्रिभुज प्रदेश!” आत्याबाई उठून उभ्याच राहिल्या. “गाळ साचला, मुखं बुजली, पूर आला. अख्खं आयुष्य गेलं माझं हे शिकवण्यात, आणि घरच्या गाडीत झाला तो नेमका माझ्या नावावर!”

बाळने बोटांनी गाळ उपसला. भोके मोकळी होताच चाकामागून काळे पाणी भळाभळा वाहू लागले, आणि चौघांनीही, गॅरेजवाल्यासकट, टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर गॅरेजवाला कान खाजवत आत्याबाईंपुढे आला.

“आजी, माझं चुकलंच. मी जाळी उघडून बघायला पाहिजे होती.”

“चुकलं खरं. पण तू निदान विचारलंस तरी, की इथं कोण बसतं. चुकीच्या माणसाला विचारलंस, एवढंच. पुढच्या वेळी जी बसते तिलाच विचार. मी काही चावत नाही, आणि चावले असते तरी दात सूनबाईने बसवलेले आहेत.”

त्यानंतरचे काम कष्टाचे होते. नुसते वरून पुसून भागणार नव्हते, कारण कार्पेटखालचा जाड फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता आणि वास तिथेच होता. गॅरेजवाल्याने पुढची सीट सोडवून बाहेर काढली, दाराच्या पट्ट्या उचकटल्या, आणि सगळ्यांनी मिळून ते ओले धूड ओढून काढले. बाळने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून फोमवर उभे राहून पाणी तुडवून काढले. सूनबाईने गाडीचा उघडा पत्रा फडक्याने पुसून पंखा लावला. कार्पेट आवाराच्या भिंतीवर पसरले, फोम शेजारी उभा केला. आत्याबाई ऊन सरकेल तशी आपली खुर्ची सरकवीत दोन्हींवर लक्ष ठेवून होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेजाऱ्यांना सबंध हकिकत, आपल्यावरच्या संशयासह, खुलवून सांगत होत्या. बाळ दर वेळी लाल होई.

“आत्या, सगळ्यांना कशाला सांगतेस गं?”

“का? लाज तुम्हाला वाटायला हवी. मी तर निर्दोष सुटले!”

फोम मात्र हट्टी निघाला. मैत्रिणीकडे जायचा दिवस उजाडला तरी त्याच्या मध्यात ओल होतीच. गॅरेजवाल्याने सीट परत बसवून दिली, पण कार्पेट घालण्याजोगे नव्हते.

“मग या आठवड्यात राहू दे का?” बाळने विचारले. मग आपण होऊनच चमकला आणि म्हणाला, “नाही, तसं नव्हे. तुलाच विचारतो. गाडीला नुसता पत्रा आहे, फार आवाज होईल. यायचंय तुला?”

आत्याबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिले. या घरात असा सरळ प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता. “यायचंय,” त्या म्हणाल्या.

सूनबाईही निघाली. पत्र्यावर आत्याबाईंच्या पायांखाली जुनी पोती अंथरली. रस्त्याला लागताच गाडी अशी गडगडू लागली की शेजारच्याचे बोलणे शेजारच्याला कळेना. हळूच, आडून, सुचवून बोलणे अशक्य झाले. जे बोलायचे ते ओरडूनच बोलावे लागले, आणि ओरडून बोलायचे म्हणजे सरळच बोलावे लागते.

“आत्या! मला वाटलं होतं तू साखर घालायला विसरतेस!”

“मला वाटलं होतं तुला मधुमेह झालाय! डबा माझ्या कपाटात आहे!”

“आत्याबाई!” मागून सूनबाई ओरडली. “मला तुमची भीती वाटते!”

“मलाही तुझी वाटते! दात काढायच्या खुर्चीत!”

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या दुचाकीवरचा गृहस्थ त्यांच्याकडे आश्चर्याने पाहत होता. तिघेही हसत होते.

मैत्रीण दारातच उभी होती. मोटारीचा आवाज ओळखू न आल्याने ती गोंधळली होती. आत्याबाईंनी तिचा हात धरून तिला आत नेले आणि पुस्तक उघडण्यापूर्वी घडलेले सगळे अथपासून इतिपर्यंत सांगितले. ऐकता ऐकता त्या वृद्धेला इतके हसू आले की तिने पदराचे टोक तोंडावर धरले.

“आणि तुझा तरी स्वतःवर विश्वास होता ना?” तिने शेवटी विचारले.

“एक संध्याकाळ नव्हता,” आत्याबाई म्हणाल्या. “त्या संध्याकाळी वाटलं, यापुढे तुला फोनवरच वाचून दाखवावं.”

मैत्रिणीने चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला. बाळ आणि सूनबाई दाराशी उभे होते; त्यांनी ते पाहिले, आणि एकमेकांकडेही पाहिले.

ज्यांचे प्रेम मौनामुळे वाट चुकले आणि विचारल्यामुळे घरी परतले, त्या सर्वांचे कल्याण असो. वाचणारीचा आवाज टिको, ऐकणारीचा कान टिको, आणि त्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्यांना वाटेवर सुखरूपता लाभो.